कांबळे मॅडमची गादी

कागलपासून नऊ किलोमीटरवरच्या कुरणवाडीत पैलवानांना तोटा नव्हता. सकाळी चहाच्या टपरीवर बाकावर बसलेली सहा माणसं मोजली, तर त्यांत सात पैलवान निघत. गाडीच्या काचेवर पैलवान, लग्नपत्रिकेत नावाआधी पैलवान, वाढदिवसाच्या फलकावर तर पाळण्यातलं पोरही पैलवान. फक्त कुस्ती खेळणारं त्यात कुणी नव्हतं. पण एवढ्या तेवढ्याला कोण बघतंय!

गावच्या हायस्कुलात मुलं चौऱ्याण्णव. संघप्रिया कांबळे तिथं शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका म्हणून रुजू झाल्या, तेव्हा मुख्याध्यापक उदयसिंह इंगवले सरांनी त्यांना आधी कार्यालयातला फोटो दाखवला. तीस वर्षांपूर्वीचे अकरा विद्यार्थी लंगोट लावून, छाती काढून उभे होते.

"आपली शाळा म्हणजे कुस्तीची शाळा, मॅडम."

"सध्या किती मुलं खेळतात, सर?"

सर फोटोकडेच बघत म्हणाले, "परंपरा आहे."

कुस्तीची गादी प्रयोगशाळेत सापडली. तिच्यावर मोडके बाक आणि बाकांवर जुन्या गॅदरिंगचा पुठ्ठ्याचा किल्ला. योगदिनाला पाहुण्यांच्या पायाला खडे टोचू नयेत म्हणून वर्षातून एकदा ती बाहेर निघे. मागच्या चार वर्षांत या कुस्तीच्या शाळेनं तालुक्याला एकच मल्ल पाठवला होता, आणि तोही वजन देऊन मामाच्या लग्नाला निघून गेला होता.

संघप्रिया मूळच्या कळंब्याच्या. विद्यापीठापर्यंत खो-खो खेळलेल्या. कुस्ती त्यांनी लांबूनच बघितलेली, कारण तालमीत बाईला पाऊल टाकू देत नसत. तेव्हा शाळेनं कुस्ती नेमकी त्यांच्याच गळ्यात मारली, हे अगदी रीतसर झालं. त्यांनी कुरकुर केली नाही. मे महिन्यात पंचांच्या शिबिराला गेल्या, गुणांचे नियम वहीत उतरवले, समोरच्याचा पाय ओढून पट कसा काढतात ते स्वतः आपटून घेऊन शिकल्या आणि जूनमध्ये प्रार्थना झाल्यावर विचारलं, "कुस्ती कोण कोण खेळणार?"

एकही हात वर झाला नाही.

"बरं, स्पर्धेसाठी एसटीनं कागलला कोण येणार? एक दिवस शाळा बुडेल."

त्रेचाळीस हात वर.

मॅडमनी ती त्रेचाळीस नावं लिहून घेतली आणि घरोघर फिरायला लागल्या. प्रत्येक घरात कुस्तीबद्दल अपार प्रेम होतं. आजा कसा गाजलेला होता, चुलत्यानं कुणाला कसं अस्मान दाखवलं, हे तासतासभर ऐकायला मिळे. मग पोराचं नाव काढलं, की "कान मोडत्यात ओ," "त्येला क्रिकेटला घालायचाय," "पोरगीच्या जातीला कुस्ती कशाला, उद्या लग्न कोण करंल?" काही घरांत चहा मिळाला. काही घरांत कांबळे आडनाव ऐकल्यावर दूध संपलेलं असे. दारात दोन म्हशी निवांत रवंथ करत असत.

एवढ्या पायपिटीतून पाच मुलं जमली. त्यात नववीची स्नेहल होती. घरात थोरल्या भावाचा मार खाऊन कंटाळलेली, आणि एकदा तरी त्याला नियमात बसवून आपटायचं म्हणून आलेली. आणि आठवीचा ऋतुराज होता. वजन पंच्याऐंशी किलो, चेहरा गाईचा. मैदानाला फेऱ्या मारण्यापेक्षा कुस्ती बरी, असा त्याचा साधा हिशेब.

गावात खरोखर कुस्ती खेळलेला माणूस एकच, केरबा आप्पा. सत्तरीचा, कान फुटलेला, गुडघा गेलेला. बाई कुस्ती शिकवतीय म्हटल्यावर टपरीवर त्याची दोन महिने करमणूक झाली. मॅडम एकदा सरळ टपरीवरच गेल्या.

"आप्पा, मला येत नाही हे खरंय. तुम्ही शिकवा."

"मी? बाईमाणसाच्या हाताखाली?"

"हाताखाली नको. शेजारी खुर्ची टाकते."

आप्पा आला नाही. पण त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात 'सहज जाता जाता' शाळेच्या व्हरांड्यात उभा राहिला. शाळा त्याच्या कुठल्याच वाटेवर नव्हती. गादीवर स्नेहल पट काढायला धडपडत होती. आप्पानं अर्धा मिनिट कळ काढली.

"अगं ए! पाय धरलाईस का म्हशीची कास? सरक तिकडं!"

चप्पल काढून गडी गादीवर उतरला, खाली झुकला, ऋतुराजचा पाय बगलेत घेतला, आणि तसाच राहिला. गुडघा अडकला होता. चार पोरांनी मिळून कुस्तीचा तो जिवंत इतिहास उचलून खुर्चीत ठेवला. हसायला आलेलं होतं, पण मॅडमचा एकच कडक नियम होता: गादीवर पडलेल्याला हसायचं नाही. कुणी हसलं नाही. आप्पानं सगळ्यांच्या तोंडाकडं एकदा नीट बघून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो गुडघ्याला पट्टा बांधून आला आणि खुर्चीत बसून शिव्या देत शिकवू लागला.

मॅडमनी सराव चाळीस मिनिटांचाच ठेवला. पावणेसहाची एसटी चुकली, की दुसऱ्या दिवशी ते मूल येत नाही, हे त्यांना कळलं होतं. धारेला जायचं असेल त्यानं खुशाल लवकर जावं. खेळायची भीती वाटते त्यानं घड्याळ धरावं, गुण मांडावेत, पण यावं. इंगवले सरांना हे पटलं नाही. "यातून चॅम्पियन कसा निघणार, मॅडम?" त्यांनी काळजीनं विचारलं. आधीच्या तीस वर्षांत ही काळजी त्यांना पडलेली नव्हती.

चॅम्पियन मात्र निघाली. दुसऱ्या वर्षी स्नेहल तालुक्यात पहिली आणि जिल्ह्यात दुसरी आली. गावानं चौकात फलक लावला. त्यावर सरपंच, इंगवले सर, केरबा आप्पा आणि चौदा 'शुभेच्छुक' असे सगळे ऐटीत होते. कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी स्नेहल होती. मॅडमचा फोटो जागेअभावी राहून गेला.

पंधरा दिवसांत शहरातल्या एका मोठ्या शाळेचं बोलावणं आलं. त्यांचा स्वतःचा हॉल, वसतिगृह, खुराक. त्यांना कुस्तीचं फार प्रेम, म्हणूनच ते पैलवान तयार झाल्यावर न्यायला येत. स्नेहल जाताना मॅडमच्या गळ्यात पडून रडली. मॅडमनी तिला हसून निरोप दिला आणि मग सामानाच्या खोलीत जाऊन दहा मिनिटं उगाचच दोरीउड्यांच्या दोऱ्या सोडवत बसल्या. पोरीचं भलं होतंय याचा आनंद खराच होता. पण अकरावर गेलेली मुलं महिनाभरात सहावर आली. चांगलं खेळलं की गाव सोडायचं आणि वाईट खेळलं की हरायचं, मग यायचं कशाला, असं पोरांनी काढलेलं गणित होतं. त्यात चूक काढणं कठीण होतं.

"आपली शाळा म्हणजे रोपवाटिका," इंगवले सर अभिमानानं म्हणाले.

ऋतुराजला मात्र कुणी न्यायला आलं नाही. त्याच्या खात्यावर तोवर सतरा कुस्त्या होत्या आणि सतरा हारी. सगळ्यांत लांबली ती पन्नास सेकंद. तरी सराव त्यानं एक दिवस चुकवला नव्हता. एकदा गादी पुसताना मॅडमनी विचारलं, "ऋतुराज, खरं सांग, तू का येतोस रे?"

त्यानं बराच विचार केला. "वर्गात पडलं, रस्त्यात पडलं, तर समदी हसत्यात मॅडम. हितं कोण हसत न्हाय."

मॅडमच्या हातातलं फडकं थांबलं. दोन वर्षं त्या चॅम्पियन कसा तयार करायचा ते शिकत होत्या. आणि शाळेची कुस्ती ज्याच्यावर उभी राहायची, तो गडी रोज समोर आपटत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवी मुलं ऋतुराजच्या ताब्यात दिली. पहिला आठवडा डाव शिकायचा नाही, फक्त पडायला शिकायचं. हनुवटी छातीला, हाताचा तळवा गादीवर. मग ऋतुराज स्वतः उभा राही आणि म्हणे, "आता मला पाड." शंभर किलोचा दादा धप्पकन पडतो, हे बघितल्यावर सहावीतलं पोरही शड्डू ठोकायला लागलं. बातमी गावभर झाली. दिवाळीनंतर गादीवर सोळा मुलं होती, त्यांतल्या सात मुली.

ऋतुराज दहावीत गेला तेव्हा त्याचं वजन एकशे सहा होतं. तालुक्याला एकशे दहा किलो गटात त्यानं नाव दिलं. पंचांनी तीनदा पुकारा केला, पण समोर कुणीच आलं नाही. साऱ्या तालुक्यातून त्या गटात नावच एकाचं होतं. पंचांनी त्याचा हात वर केला आणि ऋतुराज तालुका विजेता झाला. आयुष्यातली पहिली जीत, तीही अंगाला माती-घाम न लागता.

गाव खूश. चौकात फलक. या वेळी विजेता एवढा आडवा होता, की चार शुभेच्छुक कमी करावे लागले. ऋतुराज मात्र आठ दिवस चौक टाळून मागच्या पांदीनं शाळेत येत होता.

"लाज वाटती, आप्पा," तो म्हणाला.

"लाज त्यांला वाटू दे, जी घरात बसली," केरबा आप्पा खेकसला. "तू वजनाला हुबा ऱ्हायलास न्हवं? मग!"

जिल्ह्याला समोर शिवाजी पेठेतल्या तालमीतला पोरगा आला. मान म्हणजे नारळाचं झाड. गाव टेम्पो भरून आलं होतं. बाकावरचे सगळे पैलवान एकाच वेळी वेगवेगळे डाव ओरडून सांगत होते. ऋतुराजनं कुणाचंच ऐकलं नाही. पहिल्या मिनिटाला तो पडला, पण पडताना वळला, पाठ लागू दिली नाही. उठला आणि पट काढला. स्नेहलला जमेपर्यंत आप्पानं शंभरदा शिव्या घालून शिकवलेला, तोच. मध्यंतराला चार-दोन. कुरणवाडी पुढं होती! मॅडमनी गुणफलक दोनदा वाचला.

शेवटी तो आठ-सहानं हरला.

"हरलाच की शेवटी," असं म्हणत टेम्पोतली मंडळी मिसळ खायला निघून गेली. ऋतुराज घामानं निथळत मॅडमपुढं आला. त्याला नीट बोलताही येत नव्हतं.

"मॅडम... चार मिन्टं! पुरी चार मिन्टं हुतो की मी गादीवर!"

मॅडमनी मान हलवली. आप्पानं नाक शिंकरलं आणि हॉलमधल्या धुळीला एक शिवी घातली.

त्याच वर्षी इंगवले सरांना कुठल्याशा मंडळाचा 'कुस्तीमित्र' पुरस्कार मिळाला. भाषणात त्यांनी परंपरेचे आभार मानले. मॅडम कार्यक्रमाला नव्हत्या. चौदा वर्षांखालच्या नऊ मुलांना घेऊन त्या कागलला वजनाच्या रांगेत उभ्या होत्या.

दहावीची परीक्षा संपल्यावर ऋतुराज शाळेत आला.

"मॅडम, आयटीआयला गेल्यावर हितं आलं तर चालतं का?"

"ये की. पण शाळेच्या नावावर खेळता यायचं नाही तुला."

"खेळाय न्हाय ओ. बारकी पोरं कुणाला पाडतील मग?"

आता तो बुधवारी आणि शनिवारी येतो.