मेन स्विच आणि आईची गाणी

'नवी सिस्टिम घ्या' अशी विनवणी आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर रोज यायची. सासुरवाडीत जावयालाही कोणी इतका आग्रह करत नाही. शेवटी एका सकाळी मी हो म्हटलं. 'काम सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका' असं बजावून टक्के मुंगीच्या पावलांनी सरकू लागले. आम्हाला सौसरहून रामाकोन्याला लग्नाला जायचं होतं. ते तसंच चालू ठेवून मी बाहेर निघालो.

बाबा मागून कुलूप लावून आले. परगावी निघताना देवाला सांगायची आमच्या घरात पद्धत नाही, मेन स्विच पाडायची आहे. बाबांनी वीज खात्यात अख्खी नोकरी काढली, त्यामुळे विजेवर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

संध्याकाळी परत येऊन मेन वर केला, तर काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकली आणि कॉम्प्युटरनं मौनव्रत घेतलं.

"मेन काहून पाडला बाबा? ते चालू होतं ना!"

"घरी कोणी नव्हतं, तं कोणासाठी चालू होतं?"

मी खरंच संतापलो होतो, कारण त्यात आईची घरीच रेकॉर्ड केलेली गाणी होती. ती गेल्यावर तिचा आवाज तेवढाच उरला होता. दुसरी कॉपी करायचीच होती; आमच्याकडे सगळं करायचंच असतं. बाबांनी तर ती गाणी एकदाही ऐकली नव्हती. "ऐकू सवडीनं," म्हणायचे. रिटायर माणसाला सवड कुठली!

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर घेऊन पांढुर्ण्याच्या रिपेअरच्या दुकानात गेलो. बाबा हट्टानं सोबत आले. दुकानदारानं चालू करून पाहण्याचे कष्टही घेतले नाहीत.

"फॉरमॅट मारून देतो. एकदम नवा होऊन जाते."

"आतलं?" बाबांनी विचारलं.

"आतलं सगळं साफ."

"मले आतलंच पाहिजे. डबा तू ठेवून घे."

नाइलाजानं त्यानं हार्ड डिस्क काढून स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. गाणी जागच्या जागी होती. त्यानं पहिलंच लावलं. झेरॉक्स मशीनच्या खडखडाटातून आईनं भीमगीत उचललं. दुसऱ्या कडव्याला रेकॉर्डिंगमध्येच मागून बाबांचा आवाज आला, "अवं, हळू म्हण ना. बातम्या ऐकून राह्यलो मी." आई तिथंच थांबली. पुढे नुसत्या बातम्या.

मला हसू फुटलं आणि लगेच भरून आलं. बाबा पडद्याकडेच बघत होते. दुकानदार पुढचं गाणं लावू लागला.

"हेच लाव," बाबा म्हणाले. "माह्या बोलण्याच्या आधी बंद कर."