हँडलवरचा तुवालो

गोवा राज्य झालं तेव्हा मी पेडण्यातल्या एका लहान वीज उपकेंद्रात ऑपरेटर होतो आणि मला अजिबात धीर नव्हता. राज्य मिळालं, मग सरकारी खातं जुन्याच पद्धतीनं का चालायचं? खातं सुधारणार, त्याचं महामंडळ करणार, असं कानावर येत होतं. बाकीचे 'बघूया' म्हणायचे. मला त्या 'बघूया'चाच राग यायचा.

लाईन बंद करायची आमच्याकडे एक रीत होती. वायरमन आधी उपकेंद्रात यायचा. मी स्विच पाडला की तो खांद्यावरचा तुवालो, म्हणजे टॉवेल, काढून हँडलला बांधायचा. ती गाठ ज्याची त्यानंच परत येऊन सोडायची. तोवर वरून कुणाचाही फोन येवो, हँडलला हात लावायचा नाही. घामट तुवालो सरकारी यंत्राला लोंबकळताना बघून मला लाज वाटायची.

म्हणून तुवाल्याच्या जागी छापील परवाने आले तेव्हा सगळ्यांत जास्त मीच हुरळलो. बाहेर मराठी की कोकणी यावरून माणसं हमरीतुमरीवर येत होती आणि आमचा परवाना आला इंग्रजीत. तरी मला आवडला. काम कुठं, कितीपासून कितीपर्यंत, खाली सही; वेळ संपली की लाईन चालू.

पहिला परवाना घ्यायला आला तो आमचा सगळ्यांत जुना वायरमन, माझ्या वडिलांच्या वयाचा. सवयीनं त्यानं तुवालो बांधला. मी तो सोडून त्याच्या हातात दिला.

"काका, हे आता बंद. वेळ सांगा."

"वेळ काय सांगू? काम झाला म्हणजे येतलंय."

शेवटी मीच लिहिलं, अकरा ते एक. त्यानं सही केली आणि सायकलवरून धारगळच्या बाजूला गेला.

एक वाजला. तो आला नाही. मी फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून आलो, परत गेलो, परत आलो. खुर्चीत बसवेना. सव्वा वाजता फोन वाजला. साहेब होते.

"लाईन अजून बंद का?"

"माणूस परत आला नाही."

"परवाना कितीपर्यंत?"

"एकपर्यंत."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तुवाल्याचं होतं आणि साहेबांना ते सांगायची मला लाज वाटली. मी स्विच मारून लाईन चालू केली.

धाडकन आवाज झाला आणि स्विच आपोआप पडला. खांबावर चढणाऱ्यानं तारांना लोखंडी साखळी अडकवून तिचं टोक जमिनीत घालायचं असतं. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाते आणि स्विच पडतो. साखळी अजून तारांवर होती, म्हणजे माणूसही वरच होता. जिवंत की कसा, ते इथं बसून कळणार नव्हतं.

सायकल कशी हाणली ते आठवत नाही. तो खांबाखाली बसला होता. ओठांत बिडी, पण काडी पेटत नव्हती. मी त्याच्या हातातली पेटी घेऊन काडी ओढली, तीही पेटली नाही.

"काका, एक वाजून गेला होता," मी म्हणालो. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही, याची आजही शरम वाटते.

त्यानं स्वतःच्या रिकाम्या मनगटाकडे बघितलं. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. हे मी कित्येक वर्षं बघत होतो.

"इतकी वर्सां साकळी घातलंय नाय," तो म्हणाला. "हँडलाकडे तू आसस, मगे साकळी कित्याक? आज कागद इलो, म्हणान घातलंय."

माझी चौकशी झाली नाही. कागदोपत्री सगळं बरोबर होतं. आठवड्याभरानं त्यानं डिचोलीला बदली मागायचं ठरवलं. त्याला सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडेच आला. कारण काय घालू, मी विचारलं.

"घरची अडचण, असा घाल."

मी तसं लिहिलं. त्यानं खाली सही केली.