मर जपणारा माणूस

चांगल्या काळ्या रानात आपल्या हाताने रोग पेरणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे गुणवंतराव. अमडापूरच्या वाटेवर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचा लहानसा शेतीचा फारम होता आणि मी तिथे मजुरांवर देखरेख करायला नुकताच लागलो होतो. पाहतो तर हे साहेब मर लागून वाळलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या विळ्याने बारीक तोडून नांगराच्या तासातासांत पुरत होते. माणूस कामातून गेला, असंच मला वाटलं. "पाहून काय राह्यला? धर इळा," ते म्हणाले. "रोग जेवढा कडक, तेवढी परीक्षा खरी."

मर म्हणजे कपाशीचा काळच. रोग मातीत असतो. सकाळी पानं माना टाकतात आणि चार दिवसांत नुसती काडी उरते. औषध नाही. गुणवंतरावांचं म्हणणं एवढंच, की अशा नासलेल्या वावरात दरवर्षी तऱ्हेतऱ्हेची सरकी टोबायची आणि जे झाड तगेल त्याचं बी धरायचं. आठ वर्षं झाली, एकही तगलं नव्हतं.

ते मेहकरकडच्या माळ्याच्या घरचे. नागपूरला शिकले, पण जीभ घरचीच राहिली. संध्याकाळी बूट काढून वावराच्या कडेला धुऱ्यावर बसत आणि म्हणत, "आजबी सारे मेले. खोटं जगणारं तं एकबी नाही, तेवढंच बरं." एकदा दया येऊन मी एका सुकत्या झाडाला लोटाभर पाणी घातलं, तर अंगावर आले. "मरू दे त्याले! तुह्या दयेनं जगलं तं लोकाइच्या वावरात पाणी घालाले कोण जाईन?" नंतर मात्र स्वतःच त्या झाडाजवळ जाऊन बसले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता येत नाही.

नवव्या वर्षी कोपऱ्यातली एक पऱ्हाटी उभी राहिली. त्याच वर्षी वरून कागद आला, की काही हाती लागलं नाही तर हे काम बंद. गुणवंतराव त्या झाडाविषयी बोलेनातच, दृष्ट लागेल म्हणून की काय. दुसऱ्या झाडाचा पराग शिरू नये म्हणून उद्या उमलणाऱ्या फुलाचं तोंड ते आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधत आणि तोच दोरा खुणेसाठी देठाला गुंडाळत. बोंडं फुटायला लागली तेव्हा त्यांना नागपूरला बोलावणं आलं. "त्याले हात लावू देऊ नोको," एवढंच सांगून गेले.

काही दिवस मी त्याला कुणाला हात लावू दिला नाही, पण मग एका सकाळी शेजारच्या निरोग्या वावरात वेचणी सुरू करा, असं बायांना सांगून मी डाक आणायला गेलो. आमच्याकडे सीतादही केल्याशिवाय बाया कापसाला हात लावत नाहीत. रानातलं नामी झाड निवडायचं, त्याला दहीभात दाखवायचा, बाकीच्या झाडांचा कापूस आणून त्याच्यावर ठेवायचा आणि मग सगळा मिळून पहिल्या ओटीत वेचायचा. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, सुचलं नाही. परत आलो तेव्हा ते झाड दह्याने माखलेलं होतं आणि त्याचा आणि बाकीचा सगळा कापूस बायांतल्या म्हाताऱ्या सरूबाईच्या ओटीत एक झाला होता.

साहेब परतल्यावर मी मान खाली घालून सगळं सांगितलं. त्यांनी त्या म्हातारीलाच विचारलं, "काऊन व माय, हेच झाड काऊन?"

"दोरे बांधले होते न साहेब. मले वाटलं तुमीच नवस केला."

गुणवंतराव हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "नवसच होता, बाई," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सारी सरकी याच वावरात टोब. कोणती कोणाची, ते मर सांगन."

मिनतवाऱ्या करून त्यांनी वावराला एक वर्ष मिळवलं. त्यांना स्वतःला मात्र मिळालं नाही. त्यांची बदली नागपूरच्या कचेरीत झाली. मोटारीत चढताना म्हणाले, "थकलो रे बाप्पा. आता तूच पाहा."

पुढच्या पावसाळ्यात मी पाहत राहिलो. तासंच्या तासं माना टाकत गेली आणि मी हात बांधून उभा राहिलो. दिवाळीपर्यंत नऊ पऱ्हाट्या शिल्लक होत्या, हिरव्यागार, बोंडांनी वाकलेल्या. त्यांच्या फुलांना दोरे मीच बांधले होते. आनंदाने मी साहेबांना पत्र टाकलं.

उत्तर आलं ते त्यांच्या भावाचं. माझं पत्र पोचायच्या आठवडाभर आधीच साहेब हिवतापाने गेले होते. पत्र हाती आलं तेव्हा मी धुऱ्यावर उभा होतो आणि बाया ओट्या बांधून माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"काय म्हंते साहेब?" सरूबाईने विचारलं.

मी पत्राची घडी केली. "एकेका झाडाचा कापूस अलग वेचा, म्हंते."

"अन् सीतादही?"

"करा म्हंते. पण दुसऱ्या झाडाचा कापूस नोका ठेवू."

"हाव," ती म्हणाली. "सांगजा त्याइले, सरूबाईनं आयकलं म्हणून."