जाऊन येतो

"गुरुजी, उद्यापासून नागमणीला पाठवू नका."

मी देवपूजा आटोपून उठत होतो, तेव्हा व्यंकटेशशेठ यांचा हा फोन आला. शेठ यांचा एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. आमची नागमणी तिथे फोल्डिंगच्या टेबलावर ट्रायलवर होती.

"काम बिघडवते का?" मी विचारले.

"काम झकास आहे हो. पण टेबलावर टिकत नाही. मध्येच उठते आणि गेटवर जाऊन उभी राहते. काल तिथं टेम्पो रिव्हर्स येत होता. ड्रायव्हरनं बघितलं म्हणून वाचली. काही झालं असतं तर तिच्या आईला मी काय सांगितलं असतं?"

शेठ यांचे म्हणणे रास्त होते. मी दोन दिवस मागितले.

"दोन म्हणजे दोनच, गुरुजी."

शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर मी बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या कार्यशाळेत काम करू लागलो. माझ्या पदाला जॉब कोच म्हणतात. अर्थ सोपा आहे. उमेदवाराला नोकरीवर नुसते सोडून यायचे नाही. त्याच्याशेजारी बसायचे आणि कुठे अडते ते शोधायचे. नागमणी सत्तावीस वर्षांची आहे. तिची आई घरी विड्या वळते. नागमणीच्या आधीच्या दोन नोकऱ्या सुटल्या होत्या आणि 'मला जमत नाही' असे ती स्वतःच म्हणू लागली होती. ही नोकरी सुटली असती, तर ती पुन्हा उंबरठा ओलांडण्यास धजली नसती. म्हणून हार मानणे मला शक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसलो. मागच्या यंत्रमागांच्या खडखडाटाने ती त्रासत असेल, असे प्रथम वाटले. टेबल भिंतीकडे हलवून पाहिले. तरी ती उठली. मग तहान लागत असेल म्हणून पाणी तिच्याजवळ ठेवले. तरी उठली. तिला विचारले, "नागमणी, गेटवर का जातेस?"

"अण्णा येतायत की," ती म्हणाली.

अण्णा म्हणजे सुपरवायझर सिद्धाप्पा. जवळच्या वळसंग गावाहून रोज मोटारसायकलने येणारा, मोठ्या आवाजाचा आणि मऊ मनाचा माणूस. मी त्याच्यावर लक्ष ठेवले. थोड्या वेळाने तो गोडाऊनकडे निघाला. जाता जाता टेबलावर थाप मारून म्हणाला, "आलो की!"

नागमणीने अर्धी घडी तशीच ठेवली, आणि त्याच्या स्वागताला गेटवर गेली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही. ते अशुभ मानतो. 'येतो' म्हणतो, 'आलोच' म्हणतो, आणि निघून जातो. ऐकणाराही ते निमूट समजून घेतो. नागमणीसारख्या व्यक्ती पुष्कळदा शब्द जसा उच्चारला तसाच घेतात. अण्णा 'आलो' म्हणाले, म्हणजे ते येत आहेत. येणाऱ्या माणसाला सामोरे जावे, हे तर तिला आईने आणि आम्हीच शिकवलेले!

तिला 'येतो'चा दुसरा अर्थ शिकवून पाहिला. त्यावर 'येतो' म्हणून खरोखर येणारी माणसेही तिच्या लेखी जाऊ लागली, आणि तिचा चेहरा रडवेला झाला. मी तो नाद सोडला. एकीला बदलण्यापेक्षा इतरांना बदलणे सोपे होते. निदान मला तसे वाटले.

"सिद्धाप्पा, उद्यापासून निघताना 'जातो' म्हणा."

तो दोन पावले मागे सरकला. "लई अवघड सांगताय गुर्जी. जातो म्हनलं की मानूस जातोच की! घरात बायकापोरं हायत माजी."

शेठही कुरकुरले. "कारखान्यात सकाळी सकाळी असलं अभद्र नको, गुरुजी. तुम्ही तर देवाधर्माचे."

"देवाधर्माचा आहे म्हणूनच सांगतो," मी म्हणालो. "पूजेनंतर देवांचे विसर्जन करताना आपण काय म्हणतो? यान्तु. म्हणजे जावे. प्रत्यक्ष देवांना आपण 'जा' म्हणतो, आणि त्यात अशुभ मानत नाही."

सिद्धाप्पा विचारात पडला. "व्हय, पन देव परत येतो की. आमची काय ग्यारंटी?"

त्याच्या प्रश्नातच उत्तर होते. त्या मंत्राच्या शेवटी 'पुनरागमनाय च' असे येते. पुन्हा येण्यासाठी जा. नागमणीची आईही घरून निघताना त्यांच्या घरच्या भाषेत, तेलुगूत, 'पोयोस्ता' म्हणते. म्हणजे जाऊन येते. तेव्हा नागमणी मागे धावत नाही, हे मी पाहिले होते.

"मग 'जाऊन येतो' म्हणा," मी सुचवले. "'जाऊन'वर जोर द्या, आणि कुठे ते हाताने दाखवा."

"हां, हे जमतंय," सिद्धाप्पा म्हणाला. शेठनीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सिद्धाप्पा सवयीने 'आलो की' म्हणून बसला. नागमणी उठली. तोच तो दारातून ओरडला, "न्हाय न्हाय, बस बाई! गोडाऊनला जाऊन येतो!" आणि दोन्ही हात गोडाऊनकडे केले. माग चालवणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नागमणी क्षणभर थांबली. तिने त्याच्या हातांकडे पाहिले. मग बसली आणि राहिलेली अर्धी घडी पूर्ण केली.

संध्याकाळपर्यंत ती एकदाही गेटवर गेली नाही. शेठनी आणखी मुदत दिली, आणि ट्रायल संपल्यावर तिला कायम केले.

ती बातमी ऐकायला मी कारखान्यात गेलो होतो. सगळ्यांचा निरोप घेताना बोलून गेलो, "बरंय नागमणी, येतो मी."

तिने टॉवेलवरून हात काढला नाही. माझ्याकडे पाहून स्पष्ट म्हणाली, "येतो न्हाय. जा की, गुरुजी!"

सिद्धाप्पाने जीभ चावली. मी हात जोडले आणि निघालो.

या व्यवसायात मी एवढेच शिकलो, की माणूस कामात बसत नसेल तर आधी आपले वाक्य तपासावे. आणि हो, त्या दिवशी मी सुखरूप घरी पोहोचलो.