सर्व्हरची प्रायोगिक खिडकी

आमच्या ऑफिसात किस्से कोणी जमवत नाही. सर्व्हर अपडेट झाला की एखादा आपोआप तयार होतो आणि पुढच्या अपडेटपर्यंत चहासोबत पुरतो.

विजय नगरात एका बेकरीच्या वर आमचं छोटं ऑफिस आहे. या हिंदीभाषी शहरातल्या शाळा, क्लासेस, दवाखान्यांची मेल आमच्या सर्व्हरवरून जाते. पिंपळकर सर मालक, मी असिस्टंट. फोन वाजला तरी दचकते. सगळ्यात जास्त धाक गढा भागातल्या पॅथॉलॉजी लॅबचा. तिचे रिपोर्ट नागपूरच्या डॉक्टरांकडे जातात. एखादा हरवला तर?

*

सर्व्हर बनवणाऱ्यांनी त्यात एक खिडकी ठेवलीय. मेल आली की सर्व्हर क्षणभर थांबतो आणि तिथे जोडलेल्या छोट्या प्रोग्रामला, म्हणजे प्लगिनला, विचारतो, हिचं काय करू? सरांनी स्वतः लिहिलेलं प्लगिन तिथे बसून स्पॅम अडवतं.

रुजू झाल्या झाल्या मी त्या खिडकीची माहिती वाचली. वरच लिहिलं होतं: प्रायोगिक आहे, न सांगता बदलू शकते, भरवशाच्या कामाला वापरू नये. मी घाबरून उठले. सरांना दाखवलं.

"काहून घाबरून राहिली?" सर म्हणाले. "लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असतं ना? तसंच समज."

*

मग खिडकी खरंच बदलली. आधी ती पाठवणाऱ्याचं नाव पहिलं द्यायची, आता घेणाऱ्याचं देऊ लागली. दिवसाला ढीगभर मेल येणाऱ्या एका प्राचार्याबाई प्लगिनला ढीगभर मेल पाठवणाऱ्या वाटल्या. त्याने त्यांनाच स्पॅम ठरवलं.

बाईंचा फोन आला. "बेटा, आपकी मशीन कह रही है कि कचरा मैं हूँ. ये बात स्टाफ को किसने बताई?"

मी रडवेली. सरांनी स्क्रीनकडे न बघताच सांगितलं, "नावांच्या जागा बदलल्या असतील." तसंच निघालं. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पण लगेच मनात आलं, लॅबच्या बाबतीत असं झालं असतं तर?

*

त्यानंतरच्या अपडेटला खिडकी घाईची झाली. प्लगिनचं उत्तर यायच्या आधीच मेल आत सोडायला लागली. सगळं स्पॅम थेट गावात. आम्ही माफीचे फोन करत सुटलो.

गोहलपूरच्या वर्कशॉपवाले चाचा मात्र खूश होते. "दीदी, इसको बंद मत करना. लंदन के वकील ने हमारा नाम लेके पूछा है, जायदाद का मामला है."

*

एका अपडेटनंतरचा दिवस मात्र फार सुंदर गेला. एकही तक्रार नाही, एरर नाही, स्क्रीन हिरवीगार.

दुपारी सरांनी कप खाली ठेवला. "फोन काहून नाही येऊन राहिले?"

सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडला. आधी प्लगिन शून्य म्हणालं की त्याचा अर्थ व्हायचा, जाऊ दे. नव्या खिडकीत शून्याचा अर्थ होता, मी ठेवून घेतली. प्लगिन इमानदारीने प्रत्येक मेलला शून्य म्हणत होतं. सर्व्हर पाठवणाऱ्याला 'पोचली' सांगत होता आणि मेल विसरून जात होता. सकाळपासूनची गावभरची मेल कुठेच नव्हती, आणि कुठे ओरखडासुद्धा नाही. इतकं निर्दोष बिघडलेलं मी आयुष्यात काही पाहिलं नाही. भीतीही विसरले क्षणभर.

मग त्या लॉगमध्ये लॅबची मेल दिसली. विषय: अर्जंट, आज ऑपरेशन.

सरांनी लॅबचा नंबर फिरवला. त्यांनी फोन स्पीकरवर लावून माझ्यापुढे सरकवला. लॅबच्या तिवारीजींनी उचलला.

"तिवारीजी, वो ऑपरेशनवाली रिपोर्ट... नहीं पहुँची. गलती हमारी है."

"कौन सी? अरे दीदी, वो तो सुबह ही फोटो खींचके डॉक्टर साब के मोबाइल पे भेज दी थी. ऑपरेशन हो गया, दादाजी चाय माँग रहे हैं."

"तो फिर मेल?"

"मेल तो हम आप लोगों के लिए करते हैं, दीदी. पिंपळकर जी इतनी मेहनत करते हैं, उनको बुरा लगेगा ना."