दिग्रजच्या फाट्यावर

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. पलटणीतल्या दोस्तांनाही नाही. आज तुम्हाला सांगतोय — आजच का, ते मलाही धड कळत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आष्ट्याची आम्ही तीन पोरं — मी, बापू आणि शौकत. शौकतच्या वडिलांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान, आमचं उसाचं रान. पळण्याचं वेड तिघांनाही सारखंच. अशात कळलं, आष्टा ते सांगली शर्यत होणार! पहिला येईल त्याला साताऱ्याच्या शिबिरात घेणार, आणि तिथून सैन्यात जायची वाट. काय सांगू — झोपच उडाली आमची! एवढं लांब कोण पळालं होतं आधी?

शर्यतीच्या सकाळी अख्खा गाव रस्त्यावर. हलगी कडाडत होती, आणि अंगात असं काही भरलेलं की उडी मारली तर कौलावर जाऊन बसू! शिट्टी वाजली. सुटलो. दोन्हीकडं तुरे आलेला ऊस, पायाखाली गार माती, बांधावरून बाया ओरडतायत, "पळा रं, पळा!" थोड्या वेळानं बापूच्या कुशीत कळ आली. तो उसाच्या गाडीवर चढून बसला आणि आम्हाला ओरडून चेव देत राहिला. हसू आवरेना. इतका आनंद मला पुन्हा कधी झाला? नाही आठवत.

बाकीचे मागं पडले. पुढं शौकत, मागं मी. तो पळत नव्हता हो, तरंगत होता. त्याला गाठायचं म्हणून मी छाती फुटेस्तोवर पळत होतो — आणि अंतर वाढतच होतं.

मोठ्या रस्त्याचं काम निघालं होतं, म्हणून शर्यत आतल्या वाटेनं नेलेली. दिग्रजजवळ एक फाटा लागतो. उजवी वाट सांगलीला, डावी खाली नदीला. माझी आत्या दिग्रजची, मला तिथला दगडन् दगड माहीत. शौकत तिथं पहिल्यांदाच आलेला. वाट दाखवायला एक माणूस उभा राहणार होता — तो जागेवर नव्हता. शौकत थबकला. वळला. हात वर करून त्यानं मला विचारलं, कुठं?

मी डावीकडं हात केला.

विचार केला का? केला. तेवढा वेळ होता. तो हसला आणि डावीकडं सुटला, एकदाही मागं न बघता. मी उजवीकडं वळलो. कृष्णेचा पूल ओलांडला तेव्हा लोक नावानं ओरडत होते, कुणी गुलाल उधळला, आणि — हे सांगायलाच हवं — मला आनंदच झाला. खराखुरा, नाचावंसं वाटणारा आनंद.

शौकत बऱ्याच वेळानं आला, गुडघ्यापर्यंत चिखल.

"तू हात कुणीकडं केला व्हतास रं?" त्यानं विचारलं.

"मी? मी घाम पुसत व्हतो गड्या."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय. मीच चुकलो असंन." आणि त्यानंच मला खांद्यावर उचललं.

मी साताऱ्याला गेलो, सैन्यात गेलो, पेन्शन घेऊन परत आलो. शौकत दुकानात बसला. तो पुन्हा पळाला नाही. माझ्या लेकीच्या लग्नात त्यानं व्याह्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं, "आमचा गडी लय पळायचा! मी आपला नदीकडं गेलो येड्यासारखा!" सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याच्या पानात जिलेबी वाढली.