बाईंचा देवमासा

रत्नागिरीहून देवमासा बघायला निघालेल्या आमच्या होडीत एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या. किनारा मागे पडला तशी त्यांना बोट लागली. हातातल्या पिशवीत ओकायचं, पदराने तोंड पुसायचं आणि पुन्हा नजर पाण्यावर, असं त्यांचं चाललं होतं.

शेवटी तांडेलाने इंजिन मंद करून विचारलं, “बाई, मागे फिरवू का?”

“अजिबात नाही. देवमासा श्वास घ्यायला वर येतो, हे जन्मभर पोरांना शिकवलं, तेही चित्र दाखवून. आज बघितल्याशिवाय जायची नाही मी.”

खरं तर मागे फिरू या म्हणायला मीच तोंड उघडणार होते. पुस्तकातून उचललेल्या कितीतरी गोष्टी मीही लोकांना ठासून सांगत आले आहे. त्यातली एकही पडताळायला मी कधी घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

तेवढ्यात डावीकडे भला मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज झाला. फवारा उडाला, काळीभोर पाठ क्षणभर चकाकली आणि सगळे ओरडले. बाई नेमक्या तेव्हाच पिशवीवर वाकल्या होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा समुद्र पुन्हा सपाट झाला होता.

मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी मात्र शांतपणे तोंड पुसलं, पिशवीला गाठ मारली आणि पर्समधून दुसरी कोरी पिशवी काढली.

“इंजिन बंद करा,” त्या तांडेलाला म्हणाल्या. “श्वास घ्यायला त्याला परत यावंच लागेल.”